विश्लेषण : फायली वाचल्या तरी ऑफिस बंद का पडते? सर्व्हर नव्याने बसवताना काय जपावे लागते?

‘सर्व्हर फार हँग होतोय, या रविवारी फॉरमॅट मारून टाकू. डेटा डी ड्राइव्हला आहे, काही होणार नाही,’ हे आश्वासन छोट्या उद्योगांच्या मालकांनी कधी ना कधी ऐकलेले असते. रविवारी काम पूर्ण होते, फायलीही जागच्या जागी दिसतात. सोमवारी सकाळी मात्र एकाही संगणकावर लॉगइन होत नाही, टॅली ‘एज्युकेशनल मोड’मध्ये उघडते, प्रिंटर दिसत नाही आणि हजेरीचे यंत्र सर्व्हर शोधत बसते. डेटा वाचूनही ऑफिस बंद का पडते? आणि हे टाळून सर्व्हर नव्याने कसा बसवता येतो?

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज सर्व्हर २०१६’ या प्रणालीचा विस्तारित सपोर्ट १२ जानेवारी २०२७ रोजी संपतो. त्यानंतर तिला नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार नाहीत. त्याआधीच्या ‘सर्व्हर २०१२’ आणि ‘२०१२ आर-टू’चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. खास छोट्या उद्योगांसाठी काढलेल्या ‘स्मॉल बिझनेस सर्व्हर’ मालिकेतील शेवटची आवृत्ती २०११ची होती. तिचा सपोर्टही जानेवारी २०२० मध्येच संपला आहे. तरीही अनेक कारखाने, दवाखाने, सीए फर्म आणि घाऊक व्यापाऱ्यांकडे हे जुने सर्व्हर सुरूच आहेत. काम चालते आहे तोवर त्याला हात लावायचा नाही, अशीच बहुतेकांची भूमिका असते. त्यामुळे बदलाचा निर्णय शांतपणे, नियोजन करून होत नाही; तो एखाद्या दिवशी डिस्क खराब झाल्यावर किंवा यंत्र सुरूच न झाल्यावर घाईत घ्यावा लागतो. नुकसान होते ते या घाईत.

छोट्या ऑफिसातला सर्व्हर नेमके काय करतो?

बहुतेकांच्या लेखी सर्व्हर म्हणजे फायली ठेवण्याचे मोठे कपाट. प्रत्यक्षात १०-२० संगणकांच्या ऑफिसात हे एकच यंत्र चार-पाच निरनिराळी कामे करत असते. पहिले काम फायली सांभाळण्याचे. दुसरे काम ओळख पटवण्याचे, म्हणजे कोणता कर्मचारी कोणत्या पासवर्डने आत येईल आणि पगाराचे फोल्डर कोणाला दिसेल, कोणाला नाही, हे ठरवण्याचे. विंडोजमध्ये हे काम ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ करते आणि ती ज्या सर्व्हरवर असते त्याला ‘डोमेन कंट्रोलर’ म्हणतात. तिसरे काम नेटवर्कमधील पत्ते वाटण्याचे. प्रत्येक संगणकाला आयपी पत्ता देणारी ‘डीएचसीपी’ आणि नावावरून पत्ता शोधून देणारी ‘डीएनएस’ या सेवा त्यात येतात. चौथे काम प्रिंटरचे. पाचवे काम टॅली, बिलिंग, हजेरी, स्टॉक यांच्या सॉफ्टवेअरसाठी डेटाबेस चालवण्याचे.

यांपैकी फक्त पहिले काम फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसते. बाकीची चार विंडोजच्या पोटात, रजिस्ट्रीत आणि सी ड्राइव्हवरील निरनिराळ्या कोपऱ्यांत असतात. डी ड्राइव्ह कॉपी केला की पहिले काम वाचते आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट केला की उरलेली चार पुसली जातात.

तेच नाव, तोच पासवर्ड दिला तरी लॉगइन का होत नाही?

विंडोज कोणालाही नावाने ओळखत नाही. एकाच नावाचे दोन खातेदार असले तरी बँकेचा गोंधळ होत नाही, कारण बँक खाते क्रमांक पाहते. तसाच विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याला, संगणकाला आणि खुद्द डोमेनला एक लांबलचक क्रमांक असतो. त्याला ‘एसआयडी’ म्हणतात. खाते तयार होते त्या क्षणी हा क्रमांक दिला जातो आणि नंतर खात्याचे नाव बदलले तरी तो बदलत नाही.

सर्व्हर फॉरमॅट करून त्याच नावाचे डोमेन पुन्हा तयार केले तर नाव जुने राहते, पण क्रमांक नवा येतो. मग तीन गोष्टी एकदम घडतात. ऑफिसातले सगळे संगणक जुन्या डोमेनशी जोडलेले असतात. त्यांचा नव्या डोमेनवर विश्वास नसतो. फोल्डरवर दिलेल्या परवानग्या जुन्या क्रमांकांच्या नावे असतात. त्यामुळे परवानग्यांच्या यादीत कर्मचाऱ्यांच्या नावांऐवजी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारे अनोळखी आकडे दिसतात. आणि संगणक नव्या डोमेनला जोडून घेतले तरी प्रत्येकाला कोरा डेस्कटॉप मिळतो. आउटलुकचे मेल, ब्राउझरमधील पासवर्ड, डेस्कटॉपवरच्या फायली गेल्या, असा ओरडा सुरू होतो. खरे तर त्या गेलेल्या नसतात. त्याच संगणकात जुन्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये त्या पडून असतात, पण नव्या क्रमांकाच्या माणसाला त्या दाखवायच्या नाहीत, असे विंडोज ठरवते.

अशा वेळी ‘सगळ्यांना फुल कंट्रोल देऊन टाका’ हा उपाय हमखास केला जातो. काम सुरू होते. पण त्या दिवसापासून पगारपत्रक आणि मालकाचे खासगी फोल्डर सगळ्यांना खुले होते. रॅन्समवेअर शिरलेच, तर एका संगणकातून सगळ्या फायली कुलूपबंद करण्याची मुभा त्यालाही मिळते.

मर्स्कला घानामधला सर्व्हर का शोधावा लागला?

डेटा आणि ओळख या वेगळ्या गोष्टी आहेत, याचे सर्वांत मोठे उदाहरण जून २०१७ मधील आहे. युक्रेनमधील ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा विषाणू पसरला आणि जहाज वाहतुकीतील मर्स्क कंपनीचे जाळे कोलमडले. नवी मुंबईजवळील जेएनपीटीतील, याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामही तेव्हा विस्कळीत झाले होते.

मर्स्कच्या तंत्रज्ञांना बहुतेक सर्व्हरचे काही दिवसांपूर्वीचे बॅकअप मिळाले. मिळत नव्हता तो डोमेन कंट्रोलर. कंपनीकडे असे सुमारे दीडशे सर्व्हर होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत. एक बिघडला तर दुसरा आहेच, या भरवशावर वेगळा बॅकअप ठेवलेला नव्हता. विषाणूने मात्र सगळेच एकदम पुसले. अखेर घानामधील कार्यालयात एक डोमेन कंट्रोलर शाबूत सापडला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली असल्याने तो नेटवर्कपासून तुटलेला होता. तिथले इंटरनेट इतके संथ होते की त्या सर्व्हरमधील माहिती डिस्कवर घेऊन विमानाने ब्रिटनला न्यावी लागली. त्यानंतर कंपनीने सुमारे १० दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे केले.

छोट्या उद्योगासाठी यात दोन धडे आहेत. ओळखीचा बॅकअप नसेल तर डेटाचा बॅकअप असूनही अडून बसावे लागते. आणि दोन ठिकाणी आपोआप जुळणारी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी पुसले की दुसरीकडेही पुसले जाते. हाच नियम ‘रेड’ पद्धतीने जोडलेल्या दोन डिस्कना आणि क्लाउडशी ‘सिंक’ होणाऱ्या फोल्डरलाही लागू होतो.

सर्व्हर नव्याने बसवण्याचे मार्ग कोणते?

फॉरमॅट हा एकमेव मार्ग नाही. बहुतेक वेळा तो शेवटचा असायला हवा.

पहिला मार्ग ‘इन-प्लेस’ दुरुस्तीचा. विंडोज चालू असतानाच त्याच आवृत्तीच्या डिस्कमधून सेटअप चालवायचा आणि ‘फायली, सेटिंग्ज आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडायचा. विंडोजच्या स्वतःच्या फायली नव्याने बसतात. वापरकर्ते, परवानग्या आणि सॉफ्टवेअर जागेवर राहतात. इथे एक चूक सर्रास होते. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून सेटअप चालवला तर हा पर्याय मिळत नाही. सेटअप चालू विंडोजच्या आतूनच उघडावा लागतो. शिवाय आवृत्तीचा प्रकार आणि भाषा तीच असावी लागते. खिडक्यांचा डेस्कटॉप असलेला सर्व्हर आणि फक्त कमांडवर चालणारा ‘कोअर’ सर्व्हर यांचीही अदलाबदल करता येत नाही.

दुसरा मार्ग याच पद्धतीने वरच्या आवृत्तीवर जाण्याचा. ‘सर्व्हर २०१६’वरून थेट २०१९ किंवा २०२२ वर जाता येते. ‘सर्व्हर २०२५’मध्ये तर २०१२ आर-टूपासून थेट उडी मारण्याची सोय आहे. ‘इसेन्शियल्स’ आवृत्ती वापरणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. २५ वापरकर्त्यांपर्यंतच्या ऑफिससाठीच्या या आवृत्तीतील डॅशबोर्ड आणि संगणकांचा आपोआप बॅकअप घेणारी सोय २०१९ पासून काढून टाकण्यात आली आहे.

तिसरा मार्ग शेजारी नवा सर्व्हर उभा करण्याचा. नवे यंत्र जुन्या डोमेनला जोडायचे, त्याला दुसरा डोमेन कंट्रोलर करायचे, सगळी ओळख त्यावर उतरली की मुख्य भूमिका त्याच्याकडे सोपवायच्या आणि मग जुन्याला रीतसर निवृत्त करायचे. डोमेन तेच राहत असल्याने एसआयडी बदलत नाहीत आणि कर्मचाऱ्यांच्या संगणकांना हात लावावा लागत नाही. नवे यंत्र घेणारच असाल, तर सर्वांत सुरक्षित मार्ग हाच.

चौथा मार्ग कोऱ्या स्थापनेचा, म्हणजे फॉरमॅटचा. डिस्क खराब झाली असेल, प्रणाली दुरुस्तीपलीकडे गेली असेल किंवा विषाणूची लागण झाली असेल, तरच तो निवडावा.

फॉरमॅटपूर्वी कशाकशाची नोंद घ्यावी?

तंत्रज्ञाने पहिला अर्धा दिवस फक्त कागद-पेन्सिल घेऊन बसावे, असे हे काम आहे. सर्व्हरचे नाव, डोमेनचे नाव, आयपी पत्ता, गेटवे, डीएनएस हे सगळे लिहून घ्यावे. हजेरीचे यंत्र, स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारा प्रिंटर, राउटर ही उपकरणे सर्व्हरला ठरावीक आयपी पत्त्यावरच शोधतात. पत्ता एका आकड्याने बदलला तरी ती गप्प बसतात.

शेअर केलेल्या फोल्डरची नावे आणि त्यांवरील परवानग्या रजिस्ट्रीत असतात. फोल्डर कॉपी केले म्हणून त्या सोबत येत नाहीत, त्या वेगळ्या निर्यात कराव्या लागतात. आतल्या फायलींवरील परवानग्या जपायच्या असतील, तर माउसने ओढून केलेली कॉपी उपयोगाची नाही. त्यासाठी विंडोजमधलाच ‘रोबोकॉपी’ हा आदेश ‘कॉपीऑल’ पर्यायासह वापरतात. त्यातला ‘मिरर’ पर्याय मात्र जपून वापरावा. मूळ ठिकाणी जे नाही ते हा पर्याय प्रतीमधूनही पुसून टाकतो. मूळ फोल्डर चुकून रिकामे असेल तर बॅकअपही रिकामा होतो.

प्रिंटर आणि त्यांचे ड्रायव्हर, डीएचसीपीची यादी, ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे या प्रत्येकाची निर्यात करण्याची सोय विंडोजमध्ये आहे. डोमेन कंट्रोलर असेल तर ‘सिस्टिम स्टेट’ बॅकअप अनिवार्य समजावा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डेटाबेस, रजिस्ट्री आणि सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फायली एकत्र जपणारा बॅकअप तोच. तो त्याच आवृत्तीच्या विंडोजवर आणि शक्यतो त्याच यंत्रावर परत चढवता येतो. त्यालाही मुदत असते. सामान्यतः १८० दिवसांहून जुना बॅकअप ॲक्टिव्ह डिरेक्टरी स्वीकारत नाही. शिवाय तो चढवण्यासाठी ‘डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोड’चा वेगळा पासवर्ड लागतो. डोमेन तयार करताना तो कोणीतरी टाकलेला असतो आणि पुढे कोणालाच आठवत नाही. सर्व्हर चालू आहे तोवर तो बदलून घेता येतो, बंद पडल्यावर नाही.

डिस्कवर ‘बिटलॉकर’ असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर हवी. रेड कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर तयार हवा. तो नसेल तर सेटअपला डिस्क दिसतच नाही. मग घाईत कोणीतरी कार्डाच्या मेनूत जाऊन डिस्क ‘इनिशियलाइज’ करते आणि सगळे संपते.

टॅली आणि इतर डेटाबेसचे काय?

टॅलीचा डेटा फोल्डरमध्ये असतो. तो डी ड्राइव्हवर असेल तर सहसा वाचतो. पण त्या फोल्डरचा पत्ता आणि इतर मांडणी ‘टॅली डॉट आयएनआय’ या छोट्या फाइलमध्ये असते आणि ती बहुधा सी ड्राइव्हवर असते. परवान्याचे तर वेगळेच. तो त्या यंत्रावर सक्रिय केलेला असतो. म्हणून फॉरमॅट करण्याआधी तो ‘सरेंडर’ करावा आणि नव्या स्थापनेनंतर पुन्हा सक्रिय करावा. त्यासाठी लागणारा नोंदणीकृत ईमेल आयडी जुन्या, नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा तर नाही ना, हे आधी पाहावे.

एसक्यूएल सर्व्हरवर चालणाऱ्या बिलिंग किंवा स्टॉकच्या सॉफ्टवेअरची चालू डेटाबेस फाइल तशीच उचलून कॉपी करता येत नाही, कारण ती वापरात असते. डेटाबेसच्या आतूनच रीतसर बॅकअप घ्यावा लागतो. त्यातही कामाच्या डेटाबेसबरोबर ‘मास्टर’ हा डेटाबेस जपावा. लॉगइन त्यात असतात. तो नसेल तर डेटा परत येतो, पण त्यातले वापरकर्ते अनाथ होतात आणि सॉफ्टवेअर ‘लॉगइन फेल्ड’ म्हणत राहते.

सर्वांत धोकादायक असतात ती स्थानिक विक्रेत्यांकडून घेतलेली छोटी सॉफ्टवेअर. हजेरी, वजनकाटा, प्रयोगशाळेचे रिपोर्ट यांसारख्या कामांची अनेक जुनी सॉफ्टवेअर आपला डेटा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच, ॲक्सेसच्या एखाद्या फाइलमध्ये ठेवतात. ‘डेटा डी ड्राइव्हला आहे’ हे वाक्य खोटे ठरते ते इथे. प्रत्येक सॉफ्टवेअर उघडून त्याचा डेटा कुठे साठतो, हे पाहण्याला पर्याय नाही. जीएसटी किंवा प्राप्तिकरासाठीची डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असेल तर ती सुरक्षित राहते, फक्त ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. फाइलच्या रूपात विंडोजमध्ये साठवलेले प्रमाणपत्र मात्र खासगी कीसह निर्यात केले नाही तर फॉरमॅटबरोबर जाते.

बॅकअप खरेच झाला आहे, हे कसे ओळखावे?

‘बॅकअप यशस्वी’ हा हिरवा संदेश म्हणजे पुरावा नव्हे. परत चढवून पाहिलेला बॅकअपच बॅकअप मानावा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रसिद्ध सॉफ्टवेअर कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच निरनिराळ्या पद्धती होत्या. त्यांपैकी रोजचा मुख्य बॅकअप आवृत्तीच्या गोंधळामुळे बरेच दिवस होतच नव्हता आणि तो होत नसल्याचे ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. एका कर्मचाऱ्याने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या प्रतीमुळे कंपनी सावरली. मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच. कंपनीने हा सगळा तपशील स्वतःहून जाहीर केला, म्हणून तो आज अभ्यासला जातो.

छोट्या ऑफिसात चाचणी सोपी आहे. बॅकअपमधला टॅलीचा डेटा दुसऱ्या संगणकावर उघडावा, कालचे शेवटचे व्हाउचर दिसते का ते पाहावे आणि ताळेबंदाचा आकडा सर्व्हरवरच्या आकड्याशी जुळवावा. हे काम तंत्रज्ञाने नव्हे, अकाउंटंटने करावे. आकडा बरोबर आहे की नाही, हे त्यालाच कळते. तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, त्यांतली एक ऑफिसबाहेर हा ‘३-२-१’ नियम इथेही लागू होतो. पोर्टेबल डिस्क कायम सर्व्हरला लावलेली असेल तर ती वेगळी प्रत धरू नये. विजेचा झटका आणि रॅन्समवेअर दोन्ही तिच्यापर्यंत पोहोचतात.

कामाचा क्रम कसा असावा?

आधी दिवस निवडावा. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी भरण्याची मुदत असते; पगाराचे दिवस वेगळे. त्यांच्या आसपास सर्व्हरला हात लावू नये. शनिवारी संध्याकाळी सर्व कर्मचाऱ्यांनी काम थांबवल्यावरच अंतिम बॅकअप घ्यावा, नाहीतर बॅकअपनंतर टाकलेली बिले हरवतात.

त्यानंतर संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा घ्यावी. मायक्रोसॉफ्टचे ‘डिस्क-टू-व्हीएचडी’ हे मोफत साधन चालू सर्व्हरची अशी प्रतिमा बनवते आणि ती दुसऱ्या यंत्रावर आभासी संगणक म्हणून उघडता येते. एखादे सेटिंग लिहून घ्यायचे राहिले, तर जुना सर्व्हर ‘उघडून’ पाहता येतो, हा तिचा मोठा फायदा. मात्र ही प्रत उघडताना तिचे नेटवर्क बंद ठेवावे. एकाच ओळखीचे दोन सर्व्हर एकाच वेळी जिवंत झाले तर नवा गोंधळ सुरू होतो.

मग जुनी डिस्क फॉरमॅट करण्याऐवजी काढून ठेवावी आणि नव्या एसएसडीवर स्थापना करावी. काही हजार रुपयांची ही डिस्क म्हणजे या कामातला सर्वांत स्वस्त विमा आहे. काही बिनसले तर जुनी डिस्क परत लावून सोमवारी ऑफिस सुरू करता येते. डेटाची डिस्क वेगळी असेल तर स्थापना होईपर्यंत तिची वायर काढून ठेवावी, म्हणजे चुकीच्या डिस्कवर ‘फॉरमॅट’ दाबण्याची शक्यताच उरत नाही. सगळे काम यूपीएसवर करावे, हे वेगळे सांगायला नको.

स्थापनेनंतरचा क्रमही महत्त्वाचा. आधी नाव आणि आयपी पत्ता, मग विंडोजच्या सुरक्षा दुरुस्त्या, मग ओळख म्हणजे सिस्टिम स्टेट, त्यानंतर फायली आणि परवानग्या, मग डेटाबेस, शेवटी प्रिंटर आणि उपकरणे. ओळखीआधी परवानग्या चढवल्या तर त्या कोणाच्या नावे आहेत हेच सर्व्हरला कळत नाही. रविवारी दुपारी प्रत्येक विभागातील एकाला बोलावून त्याच्या संगणकावरून रोजचे एक काम करून पाहावे. एक बिल, एक प्रिंट, एक पावती. आणि ‘रविवारी सायंकाळी पाचपर्यंत जमले नाही तर जुनी डिस्क परत’ ही वेळ आधीच ठरवून ठेवावी. ती ठरलेली नसेल तर दमलेला माणूस रात्री दोन वाजता ‘आणखी एक प्रयत्न’ करत राहतो आणि गिटलॅबसारख्या चुका तेव्हाच होतात.

रॅन्समवेअरमुळे सर्व्हर बसवायचा असेल तर?

तर वरचा बराचसा सल्ला उलटा होतो. अशा वेळी सेटिंग्ज जपायच्या नसतात, कारण हल्लेखोराने लपवलेले खाते किंवा आपोआप चालणारे काम त्यांतच असू शकते. ‘इन-प्लेस’ दुरुस्तीही चालत नाही. कोरी स्थापना करावी, लागण होण्यापूर्वीच्या बॅकअपमधून फक्त डेटा तपासून घ्यावा आणि सर्व पासवर्ड बदलावेत. लागण झालेली डिस्क लगेच पुसू नये. तपासासाठी आणि पुढे कधी कुलूप उघडण्याचे साधन उपलब्ध झाले तर डेटा परत मिळवण्यासाठी ती लागते. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे.

हिशेबाचा डेटा गेला तर कायदा काय म्हणतो?

सर्व्हर फॉरमॅट झाला, हे कर अधिकाऱ्यापुढे सांगण्याजोगे कारण नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. कंपनी कायद्याच्या कलम १२८ नुसार कंपन्यांना मागील आठ आर्थिक वर्षांची खातेपुस्तके ठेवावी लागतात. ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर त्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवण्याचा नियम २०२२ पासून आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे ‘ऑडिट ट्रेल’ असणेही सक्तीचे आहे. त्यामुळे आकडे पुन्हा हाताने भरून काम भागत नाही. कोणती नोंद कधी झाली, याचा मागही जपलेला असावा लागतो.

मालकाने तंत्रज्ञाला काय विचारावे?

एवढा तांत्रिक तपशील मालकाला माहीत असण्याची गरज नाही. पाच प्रश्न पुरेसे आहेत. फॉरमॅट न करता दुरुस्ती होणार नाही का? डोमेन तेच राहणार की नवे होणार? बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला का आणि कोणी? कोणते सॉफ्टवेअर आपला डेटा सी ड्राइव्हवर ठेवते? सोमवारी सकाळी काहीच चालले नाही, तर किती वेळात जुन्या स्थितीवर परत येता येईल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘तसे काही होणार नाही’ असे आले, तर काम पुढच्या रविवारवर ढकलावे. जुनी डिस्कही लगेच दुसऱ्या कामाला लावू नये. एक महिनाअखेर आणि जीएसटीचे एक विवरणपत्र नव्या सर्व्हरवरून सुरळीत पार पडेपर्यंत तिच्यावर तारीख लिहून ती कपाटात ठेवावी. विसरलेली एखादी फाइल किंवा सेटिंग बहुधा त्याच महिन्यात आठवते.